दिवाळी पहाटेआधीची कानांची तालीम: इन-इअर मॉनिटरच्या नोंदी

३ ऑगस्ट, रविवार

गेल्या वर्षीच्या पहाटेला तिसऱ्या अभंगात फिडबॅकने हूंऽऽ केलं ते अजून कानात आहे. ताईंचा माइक आणि त्यांच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकवणारा स्पीकर) यांत जेमतेम पाच फूट अंतर. ताई म्हणायच्या "मला मी ऐकूच येत नाही", मी आवाज चढवायचो, तो पुन्हा माइकमध्ये शिरायचा. शेवटी मी मॉनिटरचा आवाज उतरवला आणि ताई अर्धा कार्यक्रम अंदाजाने गायल्या. बेसूर झाल्या नाहीत ही त्यांची तयारी, माझं कौतुक नाही.

यंदा ठरवलंय: समोरचे डबे काढायचे आणि तिघांच्या कानात इन-इअर मॉनिटर, म्हणजे मिक्सरमधला आवाज थेट कानात देणारे इअरफोन. गायिका ताई, तबलजी (माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा मित्र) आणि पेटीवाले काका. कार्यक्रम २० ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीला. अकरा आठवडे हातात आहेत. गणपतीचे दिवस वजा केले तर नऊ.

वायर असलेलेच घ्यायचे. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. गाणं ऐकायला तेवढं चालतं, पण तबलजीची थाप आधी हाताला आणि मग कानाला कळायला लागली तर तो माझ्या अंगावर येईल.

९ ऑगस्ट, शनिवार

चार जोड जमले. एक माझा, एक विकत घेतला, दोन उधार आणलेत. माणसं किंमत बघून ऐकतात, मीही त्यातलाच, म्हणून नावं झाकून रंगीत ठिपके चिकटवले: हळद, कुंकू, बुक्का, नीळ.

हळद सगळ्यात स्वस्त, अठराशे रुपयांचा. एका बाजूला एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकरच. कुंकू उधारीचा आणि अठ्ठावीस हजारांचा. त्यात एकेका कानाला सहा बॅलन्स्ड आर्मेचर. ही इअरफोनमध्ये श्रवणयंत्रातून आलेली जात: इवल्या पेटीत हलणारी पात, तिला जोडलेला पडदा आणि पुढे नळी. बुक्क्यात खालच्या सुरांना डायनॅमिक आणि वरच्यांना आर्मेचर, असा मिश्र संसार. नीळ प्लेनर: पातळ पडद्यावर सपाट तार छापलेली आणि लोहचुंबक लावलेले. आवाज स्वच्छ, पण घर, म्हणजे बाहेरची डबी, एवढं मोठं की कानात लिमलेटची गोळी ठेवल्यासारखं वाटतं.

आज आईने नारळीभात केला होता. तो खाऊन ऐकायला बसलो आणि झोपलो. नोंद संपली.

१० ऑगस्ट, रविवार

कपलरवर मोजमाप. कपलर म्हणजे धातूचा खोटा कान, पोकळी आणि मागे माइक. आयईसी ६०३१८-४ या मानकाच्या कपलरची माझ्याकडे नक्कल आहे, अस्सल घ्यायची तर स्कूटर विकावी लागेल. १० किलोहर्ट्झच्या पुढचे आकडे बघायचे नाहीत हे पाळतो. ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा आलेखातला उंचवटाही इअरफोनचा नसतो, इअरफोनचं तोंड आणि कानाचा पडदा यांमधली नळी तिथे घुमते. इअरफोन आणखी आत सारला की उंचवटा वर सरकतो. नुसते आलेख बघून "याचं ट्रेबल टोचतं" म्हणणाऱ्यांनी आपण किती आत खुपसलंय ते आधी बघावं.

चारही जोडांची लेव्हल पिंक नॉइजवर (खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर असलेला सळसळता आवाज) अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून घेतली. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं तर पुढचं सगळं फुकट जातं. दीड-दोन डेसिबलनी मोठा असलेला जोड ऐकणाऱ्याला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो.

मग कानाने ऐकलं. तंबोऱ्यावर कुंकवाला तोड नाही. जवारीतला, म्हणजे तारेच्या झंकारातला, एकेक धागा सुटा दिसतो, बोट तारेवरून सुटताना होणारी बारीक खरखरही. ताईंची पट्टी काळी चार, म्हणजे षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ आणि खर्जाची तार १०४ला. हळदीवर तोच तंबोरा जरा घोंगडी पांघरून बसतो. मनात ठरवून टाकलं: ताईंना कुंकू.

१३ ऑगस्ट, बुधवार

ऑफिस सुटल्यावर तापकीर गल्लीत. ३३ ओहमचे रेझिस्टर, दोन जॅक, सिलिका जेलच्या पुड्या. पाऊस, चिखल, आणि नो पार्किंगमध्ये लावलेली माझी स्कूटर जागेवरच मिळाली, हे विशेष.

मिक्सरच्या हेडफोन जॅकवर कुंकू लावल्यावर आवाज मंद, झोपाळू वाटत होता आणि कारण कळत नव्हतं. म्हणून जॅकचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे जॅकच्या आतला विजेला होणारा अडथळा, मोजला. १ किलोहर्ट्झचा सूर सोडून मोकळ्या जॅकवर १ व्होल्ट घेतलं, आणि ३३ ओहम लावल्यावर मीटर ०.५वर आला. म्हणजे जॅकच्या आतही ३३ ओहमच बसलेत.

आता कुंकवाचा इम्पीडन्स सगळीकडे सारखा नाही. माझ्या मोजणीत खालच्या सुरांना ४५ ओहम, वरच्या सुरांत एका जागी ९. जॅकमधल्या ३३ ओहमशी वाटणी होताना ४५च्या जागी ४.८ डेसिबल जातात, ९च्या जागी १३.४. म्हणजे वरचे सूर खालच्यांपेक्षा साडेआठ डेसिबल जास्त खाली बसतात. जवारी तिथेच तर असते! अठ्ठावीस हजारांचा इअरफोन चुकीच्या भोकात घातला की त्याची किंमत अशी वसूल होते.

हळद आणि नीळ यांचा इम्पीडन्स जवळपास सपाट, त्यांचा फक्त आवाज कमी होतो, रंग बदलत नाही. बुक्का मधला. उपाय सोपा आहे: कमरेला लावायचा छोटा अॅम्प, ज्याचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आत. तीन लागतील. इअरफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा हा ढोबळ हिशेब कुंकवाच्या ९ला लावला तरी चालतो.

१७ ऑगस्ट, रविवार

बाहेरचा आवाज किती अडतो हे बघायला पुण्यात ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा लागत नाही. संध्याकाळी नदीपात्रात गेलो. ढोल पथकांचा सराव जोरात. पन्नासेक पावलांवर उभा राहून चारही जोड आळीपाळीने घातले, आत काहीच वाजवलं नाही.

ताशा सगळ्यांनी अडवला. त्याची तर्री, म्हणजे काड्यांचा तडतडाट, लांबच्या चाळीतून आल्यासारखी वाटते. ढोल मात्र कोणालाच अडेना. खालचे सूर रबराला जुमानत नाहीत, आणि एवढ्या जवळून ठोका कानातून कमी, छातीतून जास्त येतो. नीळच्या घराला हवेसाठी भोकं आहेत, तो सगळ्यात गळका. कुंकू फोमचं बूच लावून सगळ्यात बंद.

पथकातल्या एका मुलीने विचारलं, "काका, आवाज जास्त होतोय का?" मी म्हटलं, नाही गं, मोजतोय. तिला ते पटलं नाही. (काका?)

२३ ऑगस्ट, शनिवार

सदाशिव पेठेतल्या खोलीत पहिली तालीम. ताईंच्या कानात कुंकू, तबलजीला हळद, काकांना बुक्का. तिघांनाही नवीन अॅम्प.

पाच मिनिटांत ताई थांबल्या. "अरे, मडक्यात तोंड घालून गातेय असं वाटतंय."

हे होणार हे माहीत होतं, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं. स्वतःचा आवाज हाडामांसातून कानाच्या नळीच्या भिंतीपर्यंत येतो. नळीचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, तो थरथरतो. कान उघडा असला तर ती थरथर बाहेर निघून जाते, बूच मारलं की आत कोंडते आणि खालचे सूर फुगतात. बूच अगदी आत, हाडाच्या भागापर्यंत गेलं तर हे बरंच कमी होतं. १९९१ साली आलेला एटिमोटिकचा ईआर-४ याच जातीचा, तीन कड्यांचं रबर आतपर्यंत सारायचं. मी तशी तीन कड्यांची रबरं आणून ठेवली होती. ताईंनी एकदा घातली, डोळ्यांत पाणी आलं, काढून माझ्या हातावर ठेवली. हाडावरची कातडी फार पातळ असते, त्यांना काय म्हणणार.

ताईंच्या कानात जाणाऱ्या मिश्रणात त्यांचाच आवाज थोडा वाढवून त्यातले खालचे सूर कापले. मडकं राहिलं, पण मोठं झालं, रांजण म्हणू.

मग दुसरीच तक्रार. "मधेच डग्गा जातो. तू खाली करतोस का?" मी फेडरला (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या बटणाला) हातही लावला नव्हता.

२४ ऑगस्ट, रविवार

केबलवर संशय. दोन पिनांची ०.७८ मिलिमीटरची जोडणी ढिली असते कधीकधी. बदलली. डग्गा जातोच. अॅम्प बदलला, जातो. तबलजीचा माइक बदलला. तबलजी म्हणाला, "मला माझा डग्गा व्यवस्थित येतोय, तुझ्या अठ्ठावीस हजारातच भानगड आहे." कुंकू काढून ताईंना हळद दिली. हळदीतूनही डग्गा गेला.

गेला तो प्रत्येक वेळी ताना घेताना. विलंबितात नाही. हे वहीत लिहून ठेवलं, अर्थ लागला नाही.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. काम बंद. काकांकडे आरतीला गेलो तेव्हा ते कानातलं विसरूनही गेले होते.

१४ सप्टेंबर, रविवार

सापडलं.

सकाळी पोहे खाता खाता बुक्का घालून ऐकत होतो आणि घास चावताना डग्गा ये-जा करायला लागला. जबडा! कानाच्या नळीच्या अगदी पुढ्यात जबड्याचा सांधा. तोंड उघडलं की सांध्याचं टोक पुढे सरकतं, नळीचा आकार बदलतो, बूच आणि भिंत यांत फट पडते. फट पडली की सगळ्यात आधी खालचे सूर पळतात. ताई तानेत आ-कार पूर्ण उघडतात, म्हणून तिथेच डग्गा जातो. तबलजी तोंड मिटून वाजवतो, त्याला कशाला जाईल?

संध्याकाळी ताईंकडे गेलो. ५० हर्ट्झचा एक संथ सूर सोडला, "गाऊ नका, फक्त तोंडाचा आ करा." आ केला, सूर गेला. मिटलं, आला. ई केलं, राहिला. ताई चार-पाच वेळा करून हसत सुटल्या. डावा कान जास्त गळतो, उजवा थोडा कमी. दोन्ही कानांना एकाच मापाचं रबर लावलं होतं ही माझी चूक, त्यांचा डावा कान मोठा आहे.

घरी येऊन कपलरवर मुद्दाम फट पाडली, रबराच्या कडेने बारीक वायरचा तुकडा सारून. ५० हर्ट्झला १२ डेसिबल उडाले. १ किलोहर्ट्झला काहीच फरक नाही.

हे मला १० ऑगस्टलाच का कळलं नाही? कारण मी तंबोरा ऐकत होतो. तंबोऱ्याच्या खर्जातला मूळ सूर गळून गेला तरी त्याचे वरचे स्वर शाबूत असतात आणि त्यांच्यावरून कान खर्ज मनाने जुळवून घेतो. खर्ज ऐकू येतो, तो तिथे असो वा नसो. डग्ग्याच्या घिश्शाला (तळवा घासून काढलेल्या आवाजाला) अशी मदत कमी, शंभर हर्ट्झच्या खालचा घुमारा गेला की नुसती टपटप उरते. बूच बसलंय का हे तपासायला यापुढे डग्गाच लावायचा. शिवाय मी तोंड मिटून, खुर्चीत, मान न हलवता ऐकत होतो. गाणाऱ्याचा इअरफोन न गाता पारखत होतो.

१० तारखेचा "ताईंना कुंकू" हा निकाल खोडला.

२१ सप्टेंबर, रविवार

दोन तासांची तालीम, फक्त त्रास टिपायला. सुरांबद्दल कोणी बोलायचं नाही.

तबलजी: हळद, सिलिकॉनचं मधलं रबर. चाळीस मिनिटांनी घामाने निसटायला लागलं. फोम लावला, टिकलं. फोम घालायची रीत दोनदा दाखवावी लागली: बोटांत गोळी करून दाबायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सारून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. तो पाच सेकंद धरतो.

काका: चष्मा. बुक्क्याची केबल कानावरून मागे जाते, तिथेच चष्म्याची दांडी. तासाभरात कानामागे लाल वळ. केबलचा ताठ आकडा गरम पाण्यात सैल करून सरळ केला, केबल खाली सोडली. जरा बरं. "पण मला भात्याचा आवाज ऐकू येत नाही रे," म्हणाले. पन्नास वर्षं भात्याच्या श्वासावर वाजवलेला माणूस. त्यांच्यासाठी भात्यापाशी वेगळा माइक लावायचा का? हसू नका, लावून बघणार आहे.

ताई: नीळ पंधरा मिनिटांत बाद, घर पाळीच्या आतल्या कडेला रुततं. आणि मी मुळीच विचार न केलेली गोष्ट: कार्यक्रमाला नऊवारी, नथ, कुड्या आणि बुगडी. बुगडी पाळीच्या वरच्या कडेला, केबलचा रस्ता नेमका तिथूनच. मी म्हटलं, बुगडी नको घालू या का? ताईंनी नुसतं बघितलं. केबलचा रस्ता बदलतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ऑडिओलॉजिस्टकडची वेळ काल मिळाली होती, काम झालं. ताईंच्या कानांचे साचे घेतले. आधी कानात बघून मळ नाही ना हे तपासलं, मग दोऱ्याला बांधलेला स्पंजचा बोळा आत, त्याच्यावर पिचकारीने सिलिकॉन, पाच मिनिटं थांबायचं. नेहमी श्रवणयंत्रासाठी मिटल्या तोंडाने साचा घेतात. आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, तोंड उघडं ठेवून घ्या. त्यासाठी दातांत ठोकळा. "दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय," असं काहीसं ताई ठोकळ्यामागून बोलल्या आणि ऑडिओलॉजिस्ट बाईंनी गप्प बसवलं.

उघड्या तोंडाचा साचा म्हणजे नळी सगळ्यात रुंद असतानाचं माप. मिटल्यावर तो थोडा दाटतो, उघडल्यावर नेमका बसतो. पूर्ण इअरफोन साच्यातून करायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत, म्हणून फक्त मऊ सिलिकॉनची बुचं करायची, ती बुक्क्याच्या तोंडावर चढतील. कुंकवाचं तोंड जाड आहे, त्यावर बूच चढवलं तर ताईंच्या डाव्या कानात फिरायला जागा उरत नाही. शिवाय परवा कुंकवाची उजवी बाजू ४ डेसिबल खाली गेली होती. जाळीवर ओल. रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवल्यावर परत आली, पण पहाटेच्या दवात हा जुगार नको.

१२ ऑक्टोबर, रविवार

बुचं आली. ५० हर्ट्झचा सूर, आ, ई, आ, मान डावीकडे, मान उजवीकडे. सूर हलला नाही. मग पूर्ण तान. ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "डग्गा आहे." एवढंच. मडक्याची तक्रारही निम्म्याने कमी, बूच जरा आत जातं म्हणून असावं.

मोठ्या आवाजाचं भान म्हणून कपलरवर तिघांच्या लेव्हल बघितल्या. ८५ डेसिबल कानाला आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, या हिशेबाने ९४ला एकच तास उरतो. कपलरचा आकडा कानाच्या पडद्यापाशीचा, मोकळ्या जागेच्या आकड्यापेक्षा चढा दिसतो, तरी तबलजी जास्तच ऐकतो. एक कान काढून ठेवायची त्याची सवय आहे. एका कानाने कमी भरतं, मग तो दुसऱ्या कानाचा आवाज चढवतो. लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवर आवाज जाऊ न देणारा) लावला आणि त्याला सांगितलं नाही.

प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइकही मांडले, फक्त कानात सोडायला. दाद ऐकू आली नाही तर गाणाऱ्याला भिंतीपुढे गायल्यासारखं होतं.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

अभ्यंगस्नान साडेतीनला, मैदानावर साडेचारला. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही हा २००० सालचा नियम आहे, म्हणून आजवर आमचा साउंडचेक म्हणजे सहा वाजता घाईघाईत "हॅलो, एक दोन". आज सगळा साउंडचेक कानातल्या कानात. बाहेर फक्त ताईंचा हळू आवाज आणि थापेची खुसखुस, सतरंज्या टाकणाऱ्या पोरांना वाटलं आम्ही मुक्याने सराव करतोय.

सहा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात. फिडबॅक नाही. पहिला अभंग संपला, टाळ्या जोरात, आणि ताईंचा चेहरा कोरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रेक्षकांचे माइक मी साउंडचेकला म्यूट केले होते ते तसेच. उघडले. त्या एकदम हसल्या आणि पुन्हा हात जोडले, उशिराने.

बुगडी जागेवर, केबल मागून अंबाड्यात. तबलजीचा फोम एकदाच निसटला.

काकांनी अर्ध्या तासात दोन्ही कान मोकळे केले आणि गळ्यात लटकवले. त्यांच्यासाठी एक डबा मागे लपवून ठेवला होता, मंद आवाजात सुरू केला. भात्याचा माइक लावायचा राहूनच गेला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. कुंकू आणि नीळ मालकांना परत केले, रबरं स्पिरिटने पुसून. कुंकू देताना जिवावर आलं, रात्री घरी एकटा तंबोरा ऐकायला त्याच्यासारखा नाही. हळद तबलजीने ठेवून घेतला आहे, पैसे अजून दिलेले नाहीत.

ताईंचा सकाळी फोन आला. बुक्का घालून पीठ मळत होत्या. "अरे, चावताना पण डग्गा जात नाही."

बाकी कामं: केबलची एक जादा जोडी, डाव्या बुचाची कड थोडी घासून घेणे, काकांसाठी भात्याचा माइक.